यमुनाबाईंची एकशे बारा पोरं

यमुनाबाई बाळंतपणाचा पेढा घेत नसत. बाळंतीण सुटली, मुलगा झाला, की बाप कामशेतच्या बाजारात जाऊन पेढ्यांचा पुडा घेऊन यायचा. बाई दोन्ही हात पदराखाली घेऊन म्हणायच्या, "आत्ता नको. चाळीस दिवसांनी आणा." बापाचा चेहरा उतरायचा. सासू काहीतरी पुटपुटायची. चाळीस दिवसांनी अर्थातच कुणाला पेढ्याची आठवण राहत नसे. त्यामुळे आंदर मावळातली निम्मी पोरं ज्यांच्या हातून जगात आली, त्या बाईंच्या वाट्याला उभ्या नोकरीत चार-पाच पेढे आले असतील.

"जन्माला काय, सगळेच येतात," त्या म्हणायच्या. "त्यात माझं काय कौतुक? जगू देत आधी."

बाळ कसं आहे असं विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "आज आहे." मी नवीन नवीन नोकरीवर आलो तेव्हा हे उत्तर ऐकून घाबरलो होतो. मला वाटलं, बाळाचं काही खरं नाही. आत जाऊन बघतो तर बाळ चांगलं मुठी आवळून रडत होतं.

आमचं आरोग्य केंद्र आंदर मावळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी होतं. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं नियमात बसणारं नव्हतं. साठ सालानंतरची ती वर्षं. पत्र्याचं छप्पर, तीन खोल्या, एक व्हरांडा, आणि मागे दोन बिऱ्हाडं. एकात यमुनाबाई, एकात मी. हिवतापाच्या रोग्यांच्या रक्ताच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं हे माझं काम. म्हणून गावाने माझं नाव 'काचवाले' ठेवलं होतं आणि माझ्या सूक्ष्मदर्शकाचं नाव 'दुर्बीण'. बाईही मला काचवालेच म्हणत. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. इकडच्याच एका खेड्यातल्या शेतकरी घरातल्या. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, मग पुण्याला जाऊन नर्सचं शिक्षण घेतलं आणि परत याच डोंगरात आल्या. अंगाने किरकोळ, आवाज मात्र या डोंगरावरून त्या डोंगरावर जाईल असा. बायकी छत्री त्यांना पटत नसे. पुरुषी लांब दांड्याची काळी छत्री घेऊन त्या मैलोन्‌मैल चालत. हात धुण्याचं त्यांना वेड होतं. कोपरापर्यंत साबण लावून, मोजून, दोनदा. दुसऱ्याने हात धुतलेत यावर त्यांचा विश्वास नसे, म्हणून त्या ते हुंगून बघत. आमच्या डॉक्टरांचेसुद्धा.

आता माशांकडे येतो.

लोणावळ्याला तुंगार्लीच्या बाजूला एका मुंबईच्या शेटजींचा बंगला होता. त्यांची सून आठव्या महिन्यात हवापालटासाठी आली आणि दिवस भरायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्या. जवळचे डॉक्टर नेमके बाहेरगावी. मोटार पाठवून बाईंना नेलं. बाळ एवढंसं होतं. बाई तीन दिवस तिथेच राहिल्या. निघताना शेटजींनी साडी पुढे केली, तर बाई म्हणाल्या, "चाळीस दिवसांनी."

शेटजी लक्षात ठेवणारे निघाले. एक्केचाळिसाव्या दिवशी आमच्या दारात मोटार उभी राहिली आणि ड्रायव्हरने लोखंडी चौकटीची भलीमोठी काचेची पेटी उतरवली. आत दोन मासे. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, तुम्ही तीन दिवस या पेटीकडेच बघत होतात म्हणे. शेटाणी म्हणाल्या, यांना हेच द्या."

"मी मासे कुठे बघत होते," बाई नंतर मला म्हणाल्या. "पाणी किती स्वच्छ आहे ते बघत होते. आपल्याकडे प्यायला मिळत नाही तसं."

मासे मोठे देखणे होते. रुपेरी, चपटे, अंगावर काळे उभे पट्टे आणि वर-खाली लांब पंख. ड्रायव्हरने नाव 'एंजल' सांगितलं. आमचे डॉक्टर सज्जन गृहस्थ होते, पण खाण्याच्या बाबतीत हळवे. ते पेटीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "पापलेटच्या जातीचे दिसतात. चवीला कसे असतील?" बाईंनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

दोघांत नर कोण आणि मादी कोण, हे कुणालाच सांगता येईना. कुणी जवळ गेलं की मासे बिचकायचे, म्हणून बाईंनी एक फुटकी शाळेची पाटी पेटीत उभी करून आडोसा केला. आणि एका सकाळी बघतात, तर पाटीवर बारीक साबुदाण्यासारखी अंडी ओळीने चिकटवलेली. दोन्ही मासे त्यांना पंखांनी वारा घालताहेत. बाईंच्या चेहऱ्यावर एरवी कधी न दिसणारं काहीतरी दिसलं. त्यांनी डॉक्टरांशी पुन्हा बोलायला सुरुवात केली ती त्या दिवशी.

दुपारपर्यंत पाटी कोरी झाली होती.

"कुठे गेली?" मी विचारलं.

"खाल्ली," बाई म्हणाल्या. "आईबापांनी मिळून खाल्ली."

त्या दिवशी त्यांनी माशांना खायला घातलं नाही. पोट भरलंय त्यांचं, म्हणाल्या. त्यानंतर त्या माशांकडे बघायची त्यांची नजरच बदलली. कामात ढिलाई करणाऱ्या दाईकडे त्या बघत, तशी.

पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा अंडी झाली. या वेळी बाई तयार होत्या. पाटी अलगद उचलून त्यांनी लोणच्याच्या काचेच्या बरणीत ठेवली. अंड्यांना बुरशी धरू नये म्हणून माझ्याकडच्या निळ्या औषधाचे दोन थेंब पाण्यात घातले. आईबापांच्या पंखांच्या वाऱ्याऐवजी सलाईनची रिकामी बाटली खुंटीला टांगली आणि नळीतून थेंब थेंब ताजं पाणी पाटीवर पडेल अशी व्यवस्था केली. पांढरं पडलेलं अंडं दिसलं की ड्रॉपरने काढून टाकायचं. तिसऱ्या दिवशी अंडी फुटली. पाटीवर स्वल्पविरामांची ओळ लागावी तशी पिल्लं लोंबकळत होती आणि शेपट्या हलवत होती. मला इतका आनंद झाला की मी बाजारात जाऊन पेढा घेऊन आलो. बाईंनी हात पदराखाली घेतले.

मग त्यांनी उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळला आणि बरणीत सोडला. एवढासा जीव, उपाशी किती राहणार? दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं. तिसऱ्या दिवशी सगळी पिल्लं तळाशी गेली.

बाई स्टुलावर बसून होत्या. मी एक मेलेलं पिल्लू काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्याच्या पोटाला पिवळी पिशवी होती, भरलेली. मी बाईंना बोलावलं.

"बाई, यांच्या पोटालाच डबा बांधून दिलाय. आठवडाभर तरी पुरला असता. भूक नव्हतीच त्यांना."

बाईंनी खूप वेळ पाहिलं. मग डोळा बाजूला घेऊन म्हणाल्या, "म्हणजे ती जेवून आली होती. आणि मी भरवून मारली."

मी काच काढून बाजूला ठेवली.

"हेच मी रोज सासवांना सांगते, काचवाले. तान्ह्याला काही देऊ नका, आईच्या अंगावर पाजा. घसा बसेपर्यंत सांगते. आणि स्वतः काय केलं?"

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण दोन दिवस त्या हात धुताना मोजायचं विसरत होत्या.

तिसऱ्यांदा अंडी झाली ती भर श्रावणात, आणि नेमकी त्याच दिवशी भागूबाई आली. आंदर मावळातल्या अगदी आतल्या वाडीची म्हातारी. सुनेला डोलीत घालून आणलं होतं. सुनेचं नाव हौसा. तिची आधीची दोन मुलं महिन्याच्या आत गेली होती. दुपारी हौसाला मुलगी झाली. बाईंनी मुलगी पुसून, गुंडाळून आईजवळ दिली, आणि वळून बघतात तर भागूबाईने कमरेची पिशवी सोडून मधाची बाटली बाहेर काढलेली.

"ते काय?"

"मधपानी. पोरीला चाटवायचं. घसा कोरडा पडंल तिचा."

"काही चाटवायचं नाही. आईचं दूध तेवढं."

"दूध दोन दिस न्हाई यायचं. तवर पोरीनं काय करायचं?" भागूबाई हटली नाही. "आमी सात काढली, नर्सीणबाई. आमाला कुनी शिकिवलं न्हाई."

"सात काढली," बाई म्हणाल्या. "राहिली किती?"

भागूबाईने बाटलीचं बूच लावलं, काढलं, परत लावलं. "तीन," ती म्हणाली.

बाईंनी साबणाची वडी तिच्या हातात दिली. भागूबाईने ती फळीवर ठेवून दिली आणि रागाने व्हरांड्यात जाऊन बसली.

हौसाला दहा दिवस ठेवून घेणार असं बाईंनी जाहीर केलं. म्हातारीला घरी जायला सांगितलं, तर ती म्हणाली, नात घेऊनच जाईन. मग रागावलेल्या माणसाने दिवसभर करायचं काय? ती बरणीसमोर येऊन बसायला लागली. बरणीत पाटी, पाटीवर अंडी, वर सलाईनचे थेंब. लोणावळ्याकडचा तो पाऊस आणि तो गारठा. पाणी थंड पडू नये म्हणून बाईंनी शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरून बरणीला टेकवून ठेवली होती.

"पिशवी माशाला?" भागूबाई म्हणाली. "आन पोरीला?"

"पोरीला कुशीत घ्यायला आई आहे. यांची आई यांना खाते."

हे भागूबाईला पटलं असावं. कारण पिशवी गार झाली की बाईंना हाक मारायचं काम त्या दिवसापासून तिने स्वतःकडे घेतलं.

अंडी फुटली. पिल्लं लोंबकळू लागली. या वेळी बाईंनी काहीही घातलं नाही. पण आता दुसरी काळजी लागली. पोटाचा डबा संपल्यावर, पोहायला लागल्यावर द्यायचं काय? त्यांची तोंडं सुईच्या टोकाएवढी. बलकाने पाणी नासतं. मी आणि बाई याच विषयावर बोलत होतो, तेव्हा भागूबाई आमच्याकडे न बघता म्हणाली, "पेंढा भिजवा."

"पेंढा?"

"भाताचा. खाचरात पानी तुंबलं आन पेंढा कुजला की त्यात लय बारीक किडं व्हत्यात. डोळ्याला दिसत न्हाईत. पर बारक्या मासळीची पोरं तितंच चरत्यात. आमी ल्हानपनापासून बगतो."

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा गावाहून भाकरी घेऊन आला तो पेंढीही घेऊन आला. मडक्यात पाणी, पाण्यात पेंढा. मडकं ठेवलं डॉक्टरांच्या खोलीच्या खिडकीत, कारण तेवढ्याच ठिकाणी थोडंफार ऊन यायचं. तिसऱ्या दिवसापासून असा वास सुटला, की डॉक्टरांनी त्या आठवड्यात सगळे रोगी व्हरांड्यात बसून तपासले. त्यांनी एकदाच विचारलं, "बाई, हे औषध कशावरचं?" बाई म्हणाल्या, "भुकेवरचं."

पिल्लांच्या पोटातला डबा संपत आला, त्या सुमारास मी मडक्यातल्या पाण्याचा एक थेंब काचेवर घेतला. थेंबात जत्रा भरली होती. चपलेच्या तळव्याच्या आकाराचे जीव इकडून तिकडे पळत होते, एकमेकांवर आपटून पुन्हा पळत होते. बाईंनी पाहिलं. मग भागूबाई म्हणाली, "मला दाव."

तिला एक डोळा मिटता येईना. बाईंनी तिच्या डोळ्यावर हात धरला. भागूबाई वाकली आणि तशीच राहिली.

"ह्ये पान्यात हाय?"

"हो."

"समद्या पान्यात असतंय?"

"साचलेल्या असतं. कमी-जास्त."

भागूबाईने नळाचं पाणी कधी तोंडात घेतलं नव्हतं. त्याला औषधाचा वास येतो म्हणायची. गावच्या ओढ्याचं पाणी तिने तांब्यात भरून आणलं होतं आणि मुलाकडून रोज मागवत होती. ती आत गेली, तांब्या घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"ह्यातलं बघ, काचवाले."

मी तळचा थेंब घेतला. मडक्याएवढी गर्दी नव्हती, पण तीन-चार जण निवांत फिरत होते. मी बाजूला झालो. बाईंनी पुन्हा तिच्या डोळ्यावर हात धरला.

म्हातारी सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा बघवेना. "ह्याच पान्यात मी मध कालवनार व्हते," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "दोनीला चाटीवलं व्हतं. हौसीच्या पयल्या दोनीला."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाई असं कधी करत नसत. "त्यानेच गेली असं नाही, भागूबाई. आता कोण सांगणार?"

"व्हय. कोन सांगनार," भागूबाई म्हणाली. तिने तांब्यातलं पाणी अंगणात ओतलं, फळीवरची साबणाची वडी घेतली आणि पागोळीखाली जाऊन हात धुतले. कोपरापर्यंत. मग आत येऊन ते न विचारता बाईंच्या नाकापुढे धरले.

त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पिल्लं पाटी सोडून पोहायला लागली. बाईंनी मडक्याचं पाणी फडक्याने गाळून, ड्रॉपरने, बाळाला औषध पाजावं तसं थेंब थेंब दिलं. दिवसातून सहा वेळा. रोज सकाळी तळची घाण नळीने ओढून काढायची आणि तेवढंच शिळं, ऊबदार केलेलं पाणी सलाईनच्या थेंबाने भरायचं. पहिली गणती झाली तेव्हा पिल्लं दीडशेच्या आसपास होती. आठवड्यात काही गेली. मग आकडा एकशे बारावर येऊन थांबला आणि तिथून हलेना. हौसा होती तोवर बाई सकाळी आधी तिची मुलगी बघायच्या, मग बरणी. मी विचारायचो, "कशी आहेत?"

"आज आहेत."

दहाव्या दिवशी हौसा गेली. जाताना भागूबाई मुलीपेक्षा बरणीपाशी जास्त वेळ उभी होती. "गनती चुकवू नगा," तिने मला बजावलं.

पोरं वाढली तसा त्यांचा खुराक वाढला. आता मडक्यातली जत्रा पुरेना. डबक्यातल्या पाण्यात पिसवांसारखे उड्या मारणारे किडे चहाच्या गाळणीने धरून आणून झाले. मग बाईंचं लक्ष डासांच्या अळ्यांकडे गेलं. मागच्या अंगणात त्यांनी पागोळीखाली एक पिंप उघडं ठेवलं. आठवड्यात त्यात अळ्या वळवळू लागल्या. सगळ्यात बारीक असतील त्या गाळून पिल्लांना घालायच्या.

आता माझी अवस्था बघा. गावोगाव जाऊन डबकी बुजवा, पिंपं झाका, डास वाढू देऊ नका, असं सांगणारं आमचं खातं. त्या खात्याचा मी पगारी माणूस. आणि माझ्या खिडकीखाली डासांचं पाळणाघर. मी बाईंना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "त्यांचे डास कुठे होऊ देतोय आपण? त्याआधीच तर खाल्ले जातात. तुमच्या खात्याचंच काम आहे हे."

आमच्या वरच्या साहेबांना ते काम आहे असं वाटलं नाही. ते तपासणीला आले, सवयीने मागच्या अंगणात गेले आणि पिंपात डोकावले. मी तेव्हा मुद्दाम एका काचेत फार गढून गेलो. आठ दिवसांनी केंद्राच्या नावाने खलिता आला. आवारातील पिंपात पाणी कोणत्या कारणास्तव साठवून ठेवले आहे, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा. डॉक्टरांनी तो वाचून बाईंकडे दिला. बाईंनी वाचून माझ्याकडे दिला. "तुमचं अक्षर बरं आहे. लिहा."

"काय लिहू?"

"जे आहे ते लिहा. पोरांच्या खाण्यासाठी ठेवलंय, म्हणावं."

बाईंवर काही येऊ नये म्हणून मी ते जरा सरकारी भाषेत बसवलं. अळ्यांचा उल्लेख टाळला. मासे हा शब्द दवाखान्याच्या कागदावर बरा दिसेना, तोही गाळला. वाक्य तयार झालं ते असं: 'सदर पिंपातील पाणी केंद्रातील नवजातांच्या पोषणासाठी राखून ठेवण्यात आले असून आजमितीस एकशे बारा नवजात त्यावर अवलंबून आहेत.' डॉक्टरांनी न वाचता सही केली. मी खूश होऊन पाकीट टपालात टाकलं.

पाचव्या दिवशी जीप आली. जीपमधून पुण्याचे मोठे डॉक्टर उतरले, मागून एक नर्स उतरली, आणि मागून दुधाच्या भुकटीची दोन खोकी. मोठ्या डॉक्टरांच्या हातात माझं पत्र होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"एकशे बारा मुलं," ते म्हणाले. "एकशे बारा नवजात मुलं पिंपातलं पाणी पितात?"

आमचे डॉक्टर खुर्चीतून उठले आणि परत बसले. मी भिंतीला चिकटलो. बाई कपाटातून कापूस काढत होत्या, त्यांनी कपाट शांतपणे बंद केलं.

"पीत नाहीत, साहेब. पाण्यात राहतात."

"कुठे आहेत?"

"दाखवते. आधी हात धुवा."

मोठ्या डॉक्टरांनी हात धुतले. बाईंनी ते हुंगले. मग त्यांना आपल्या खोलीत नेलं. पिल्लं आता बरणीत मावत नव्हती, मोठ्या पेटीत हलवली होती. आईबापांची रवानगी एका हंड्यात केली होती. एकशे बारा पिल्लं, नखाएवढी, पण एव्हाना प्रत्येकाला पंख फुटले होते आणि अंगावर पट्टे उमटले होते. बाईंनी गाळणीभर अळ्या सोडल्या. सगळी पोरं एकदम वळली.

मोठे डॉक्टर पेटीवर वाकून बघत राहिले. मला वाटलं, नोकरी गेली. मग त्यांनी विचारलं, "दगावली किती?"

"पहिल्या आठवड्यात गेली ती गेली. त्यानंतर एकही नाही."

"आणि माणसांची?"

"या पावसाळ्यात अकरा बाळंतपणं झाली. अकराही आज आहेत."

मोठ्या डॉक्टरांनी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. "खुलासा कुणी लिहिला?" त्यांनी विचारलं. बाईंनी माझ्याकडे बोट केलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही काचाच तपासत जा."

पिंपाबाबत त्यांनी हुकूम दिला तो असा. पिंपातल्या अळ्या रोज गाळायच्या, आणि एक जरी डास उडालेला दिसला तर पिंप उलटं करायचं. देखरेख माझ्याकडे. त्यानंतर सहा महिने मी रोज सकाळी पिंपात डोकावून, आज डास झाला नाही, अशी नोंद करत होतो. दुधाची खोकी परत नेली तर पुन्हा सगळे कागद करावे लागले असते, म्हणून ती आमच्याकडेच राहिली. ती भुकटी बाईंनी अंगावर पाजणाऱ्या आयांना रोज पेलाभर दूध करून पाजली. आया म्हणायच्या, याची चव खडूसारखी लागते. बाई म्हणायच्या, तुला कुठे आवडायला दिलंय?

चाळिसाव्या दिवशी भागूबाई आली. सोबत हौसा, हौसाच्या कडेवर मुलगी. तीन कोस चालून आल्या होत्या. मुलगी भरली होती, गालावर तीट लावली होती. भागूबाईच्या हातात झाकलेला तांब्या.

"पेढा काय आमाला गावला न्हाई," ती म्हणाली. "म्हस व्याली. खरवस हाय. खा."

बाईंनी मुलीला घेतलं, उलटंपालटं करून तपासलं, डोळ्यांत पाहिलं, आणि आईकडे परत दिलं. मग स्टुलावर बसून खरवस खाल्ला. सगळा. आम्हाला कुणाला विचारलंसुद्धा नाही. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते, ते तसेच परत गेले.

पोरं मोठी झाल्यावर त्यांची बाईंनी लग्नं लावावीत तशी पाठवणी केली. कुणालाही मासे मिळत नसत. आधी घर बघायचं, पाणी बघायचं, मग दोन द्यायचे. लोणावळ्याच्या एका चिक्कीवाल्याने दुकानात काचेची पेटी मांडून चार नेले. महिन्याने बाई न कळवता तिथे गेल्या. त्याने माशांना चिक्कीचा चुरा घातला होता. बाईंनी भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, चारही मासे बरणीत काढून घेतले. वर चिक्कीवाल्याला म्हणाल्या, "तुमची स्वतःची मुलं काय खातात, हे विचारायचीसुद्धा मला भीती वाटते."

पुढे माझी बदली झाली, जुन्नरकडे. मग आणखी दोन ठिकाणी. बाई निवृत्त होऊन वडिवळ्याला भावाकडे राहायला गेल्याचं कानावर आलं होतं. चुलत बहिणीच्या लग्नासाठी मी कामशेतला उतरलो, ते सत्तरनंतर दोन-तीन वर्षांनी. एसटी थांब्यावर लोणावळ्याची गाडी उभी होती आणि दारात काहीतरी बाचाबाची चालली होती. बघतो तर यमुनाबाई. केस पांढरे झालेले. कडेला दुधाची मोठी किटली, तिच्या तोंडाला फडकं बांधलेलं.

"बाई, किटलीत काय आहे?" कंडक्टर विचारत होता.

"पोरं."

कंडक्टरने फडकं वर करून पाहिलं. "मासे आहेत हे."

"मग मी काय वेगळं सांगितलं?"

"सामानाचं तिकीट पडेल."

"सामान कसलं? हलतंय, बघा. जिवंत आहेत." बाई म्हणाल्या. "आणि अर्ध्या तिकिटाच्या वयाची झाली नाहीत अजून. महिन्याची आहेत."

रांगेतली माणसं हसायला लागली. कंडक्टरही हसला आणि बाजूला झाला. मी हाक मारली. बाईंनी वळून पाहिलं, ओळखलं, मान हलवली. पण त्यांना माझ्यासाठी वेळ नव्हता. त्या तशाच गर्दीतून वाट काढत पुढे ड्रायव्हरच्या जाळीपाशी गेल्या आणि त्याला काहीतरी सांगू लागल्या. खिडकीबाहेरून मला शब्द ऐकू येत नव्हते, नुसतं बोट दिसत होतं. ते बोट आधी किटलीकडे गेलं, मग रस्त्यातल्या खड्ड्यांकडे, मग पुन्हा किटलीकडे. ड्रायव्हर मोठा मिशाळ गडी होता. तो मान डोलावत होता.

घंटी वाजली. त्या रस्त्याला एसटी सुटली की थांब्यावरच्या माणसांनी धुळीसाठी तोंडावर रुमाल धरायची पद्धत होती. आम्ही धरले. पण धूळ उडालीच नाही. गाडी हळूच सरकली, पहिल्या खड्ड्यापाशी जवळजवळ थांबली, एक एक चाक जपून त्यातून काढलं, आणि तशीच पायी चालल्यासारखी लोणावळ्याच्या दिशेने निघाली. मागे मालट्रकांची रांग लागली. ते भोंगे वाजवत होते. मी बघत होतो तोवर तरी गाडीने वेग वाढवला नव्हता.